मदत हवी आहे: रेकॉर्ड केलेला माझा आवाज चालतो, समोरचा का चालत नाही?

मुलगा साडेपाच वर्षांचा. ऑटिझमचं निदान होऊन दीड वर्ष झालं. बेरा टेस्ट दोनदा केली, कान ठणठणीत आहेत. तरी मी पाच वेळा हाक मारली तरी ओ नाही, गाडीची चाकं फिरवणं चालूच. आणि दोन खोल्या पलीकडे वॉशिंग मशीनची टूं वाजली की पळत सुटतो, वर तोच सूर तोंडाने हुबेहूब काढतो! नणंदबाई बोलायला लागल्या की मात्र कानांवर हात. (त्यांचा आवाज आम्हालाही जड जातो, पण ते असो.)

खरं कोडं पुढे आहे. मी मोबाइलवर त्याच्यासाठी एक अंगाई रेकॉर्ड केली होती. ती तो कानाला लावून दहा-दहा वेळा ऐकतो. तीच मी समोर बसून म्हटली तर उठून जातो.

त्यात स्टॅनफर्डचं २०१३ चं संशोधन वाचलं: ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूत आवाज टिपणारा भाग आणि आनंद जाणवणारा भाग यांच्यातली जोडणी कमकुवत दिसली. पोटात गोळाच आला. माझा आवाज त्याला आवडतच नाही का?

प्रतिसाद १
ताई, त्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलं २० होती आणि निष्कर्ष गटाचा आहे, तुमच्या लेकाचा नाही. जोडणी कमकुवत म्हणजे माया नाही, असं त्यातून निघत नाही. रेकॉर्डिंग दर वेळी तेच असतं, हवं तेव्हा बंद करता येतं. समोरच्या आवाजात चढउतार बदलतात, सोबत चेहरा असतो आणि बहुतेकदा काहीतरी मागणीही. आमच्याकडे मुलीचं नाव आम्ही फक्त "चल", "नको", "आवर" याच्या आधीच घ्यायचो. मग ती कशाला बघेल? आता आधी जवळ जातो, ती ज्यात गुंतली आहे ते बघतो, मग हळू आवाजात एकच वाक्य. आणि उत्तराला वेळ देतो, मनात दहा आकडे मोजून.

धागाकर्ती
आज हाक मारलीच नाही. शेजारी बसले आणि मशीनची टूं मीच काढली. मान वर न करता त्याने माझा सूर दुरुस्त केला. दोनदा!

नणंदबाईंचं काय करायचं तेवढं कोणीतरी सुचवा. रविवारी येतायत.