प्रतिसाद: पळसाआधी काटेसावर, आणि मोगऱ्याचा ताण

पळस फुलला की वसंत आला, असं मूळ लेखात लिहिलंय ते खरंच. पण साताऱ्याच्या डोंगरउतारांवर त्याआधी काटेसावर बघा. पानं गळून झाड उघडं पडतं आणि काटेरी फांद्यांना जाड, मांसल पाकळ्यांची लाल फुलं लागतात. मैना, बुलबुल, कोतवाल मधासाठी अशी झुंबड करतात, की झाड दिसायच्या आधी कलकलाट ऐकू येतो.

बागेत खरी घाई मोगऱ्याची. 'फुलतच नाही' म्हणणाऱ्यांनी आधी पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, जमिनीतल्या झाडाला १५ दिवस. पानं पिवळी पडू लागली की फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दीड फुटावर छाटा, बुंध्याभोवती माती हलकी उकरून २ ओंजळी कुजलेलं शेणखत घाला, मग भरपूर पाणी. सांगलीकडच्या काळ्या रानात ओल लवकर हटत नाही, तिथे ताण आठवडाभर वाढवा. कुंडीला मात्र ५-६ दिवस पुरे, नाहीतर झाडच वाळेल. युरिया नकोच, नुसता पाला माजतो.

आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन फवारा, तेही संध्याकाळी. सकाळी मोहोरावर माश्या परागीभवनाच्या कामात असतात, त्या पळाल्या तर फळ धरणार कसं?