जॅझचं पहिलं स्टँडर्ड गिटारवर बसवतोय, सोलोत हरवतो. सल्ला हवा (नागपूर)

लक्ष्मीनगरवाला

नमस्कार मंडळी. वय ३६. गिटार कॉलेजपासून हातात आहे, पण मजल हिंदी-मराठी गाणी, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून वाजवायचे) आणि गणपतीत सोसायटीचा कार्यक्रम इथवरच. डिसेंबरात सदरच्या एका कीबोर्डवाल्या मित्राकडे बसलो होतो. त्याने ‘ऑटम लीव्ह्ज’ हे जॅझचं स्टँडर्ड (सगळे जॅझवाले वाजवतात असं जुनं गाणं) लावलं आणि म्हणाला, एप्रिलमध्ये हे एका कॅफेत वाजवू, सोलो (त्याच कॉर्डवर मनाने रचत वाजवायचा भाग) तू घे. मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो आणि तेव्हापासून झोप नाही.

धून बसली आहे, जी मायनरमध्ये. कॉर्ड पाठ आहेत. सोलो आला की मात्र मी स्केल चढतो आणि स्केल उतरतो, लिफ्टसारखा. दहा-बारा बार (चार-चार मात्रांचे गट) झाले की आपण गाण्यात कुठे आहोत हेच कळत नाही. एका क्लासात विचारलं तर त्यांनी सात मोड (एकाच स्केलचे वेगवेगळ्या सुरांवरून सुरू होणारे प्रकार) कागदावर लिहून दिले, ‘हे घोटा आणि मग या’. महिनाभर घोटले. सोलो जिथे होता तिथेच आहे, फक्त लिफ्ट आता सात मजली झाली.

गिटार साधी अकूस्टिक आहे. इलेक्ट्रिक घ्यावी लागेल का? नागपुरात जॅझ शिकवणारं कुणी आहे का? आणि मुळात दोन महिन्यांत काय करावं?

तर्रीपोहे

काऊन टेन्शन घेऊन राहिले भाऊ? गिटार घ्यायला जाऊ नका. जॅझ गिटारवाल्या जँगो राइनहार्टने बरंचसं आयुष्य अकूस्टिकवरच काढलं, तेही १९२८ च्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेल्यावर. तुमची तर चारही शाबूत आहेत ना? सीताबर्डीवरून नवीन तारा आणा, उरलेल्या पैशांची तर्री हाणा. बाकी थिअरीचं जाणकार सांगतीलच.

कोमल निषाद

ते सात मोड तूर्त खणात ठेवा. चुकीचे नाहीत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे नाही.

आधी धून नीट बघा. तिचे पहिले चार तुकडे तीन सूर चढतात आणि उडी मारून चौथ्यावर थांबतात. थांबे कोणते? ई फ्लॅट, मग डी, मग सी, मग बी फ्लॅट. प्रत्येक थांब्याखाली त्या वेळची कॉर्ड ठेवून बघा: सी मायनर सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ए हाफ डिमिनिश्ड, जी मायनर. चारही वेळा धून कॉर्डच्या तिसऱ्या सुरावर (मूळ सुरापासून मोजलेल्या) उतरते. म्हणजे धून रचणाऱ्या जोसेफ कोस्माने १९४५ मध्येच तुमच्या सोलोचा रस्ता आखून ठेवला आहे, आणि तुम्ही बाजूच्या गल्लीत मोड घोटत बसला आहात.

कॉर्डचा स्वभाव तिसऱ्या आणि सातव्या सुरात असतो. मायनर की मेजर, थांबलेली की पुढे ओढणारी, हे तेच दोघे ठरवतात. मूळ सूर बासवाला वाजवतोच, पाचवा बहुतेक वेळा भरीला. आता गिटार घ्या. फक्त चौथी आणि तिसरी तार, बाकी चार तारा विसरा. पहिले सात बार, बारला एक जोडी, आकडे पट्टीवरच्या घरांचे:

चौथी तार: ८, ७, ७, ५, ५, ४, ३
तिसरी तार: ८, ८, ७, ७, ५, ५, ३

एवढंच. आठव्या घरातून तिसऱ्यापर्यंत हात सरकत येतो, प्रत्येक बदलात एखादाच सूर हलतो किंवा दोन्ही जवळच्या जवळ सरकतात, आणि अख्खं गाणं ऐकू येतं. खालचे मूळ सूर सहाव्या आणि पाचव्या तारेवर आलटून पालटून आठवं, आठवं, सहावं, सहावं, पाचवं, पाचवं घर आणि शेवटी सहाव्या तारेचं तिसरं. मित्राच्या सोलोला साथ करताना हेच तीन सुरांचे कॉर्ड वाजवा, सहा तारांचे बार कॉर्ड नकोत. कीबोर्डवाला आशीर्वाद देईल.

मग सोलो असा: पहिला आठवडा फक्त या जोड्यांतले सूर, लय हवी तशी, पण दुसरा सूर घ्यायचा नाही. कंटाळा येईल, येऊ द्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे अर्ध्या सुराने खालून जा. तिसऱ्यात धूनच घ्या आणि थोडी थोडी मोडा.

आणि तोंडाने गा. आपण लहानपणी पेटीवर सरगम म्हटलेली माणसं, तो फायदा सोडू नका. जी ला सा धरा. एक ओळ कोमल धैवत, कोमल धैवत, पंचम, पंचम, मध्यम, मध्यम, कोमल गंधार. दुसरी कोमल गंधार, रिषभ, रिषभ, षड्ज, षड्ज, शुद्ध निषाद, कोमल निषाद. गाऊन बघा, आसावरी थाटात (त्याच्या ठरलेल्या सात सुरांत) एकच पाहुणा दिसेल: डी सेव्हनवरचा शुद्ध निषाद, म्हणजे एफ शार्प. गाण्याची सगळी ओढ त्या एका सुरात आहे.

लक्ष्मीनगरवाला

हे रात्री करून बघितलं. बायको आतून म्हणाली, ‘आज गाणं ओळखू येतंय.’ दोन तारांवर! पण डी सेव्हनवर नक्की कोणतं स्केल? क्लासातल्या कागदावर तिथे तीन पर्याय आहेत.

कोमल निषाद

कोमल धैवत आणि शुद्ध निषाद घ्या, म्हणजे जी वरून किरवाणी रागाचे सूर होतात. पण सुरुवातीच्या त्या चौथ्या तुकड्यात धून स्वतः चढताना शुद्ध धैवत घेते: डी, ई, एफ शार्प आणि उडी मारून बी फ्लॅट. तिथे पटदीप रागाची आठवण येते. दोन्ही चालतं, कान ठरवेल.

जुनी कॅसेट

कोमल निषाद, बाकी सगळं मान्य, पण रागाची नावं घेऊन या माणसाला चकवू नका. किरवाणी म्हटलं की आपल्या हाताला किरवाणीचं चलन (रागाची ठरलेली चाल) येतं, मींड येते, ठहराव येतो. इथे तो पाहुणा एका बारापुरता आहे, पुढच्या बारात निघून जायला हवा. आमच्या एका मित्राने असंच केलं होतं. बत्तीस बार किरवाणी, मध्ये बी फ्लॅट मेजर आला तरी हा आपला किरवाणीत. ऐकायला गोड, पण गाणं एकीकडे आणि तो दुसरीकडे.

माझा सल्ला ऐकण्याचा. तीन रेकॉर्डिंग, तीनच. १९५८ चं सॅक्सोफोनवाले कॅननबॉल अ‍ॅडरली यांच्या अल्बममधलं: धून माइल्स डेव्हिस ट्रम्पेटला म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावून वाजवतो, आणि किती कमी सुरांत. तेही जी मायनरमध्येच असल्यामुळे सोबत वाजवता येईल. मग १९५९ चं बिल एव्हान्स ट्रायो, बास आणि पियानो एकमेकांशी कसे बोलतात त्यासाठी. आणि गिटारवाल्यांसाठी १९७२ चं जिम हॉल आणि रॉन कार्टर, फक्त गिटार आणि बास. ड्रम नाही, पियानो नाही, तरी कुठेही पोकळी वाटत नाही. जिम हॉल किती वेळ गप्प बसतो ते घड्याळ लावून बघा.

माइल्सच्या सोलोतले आठ बार कानाने उतरवा. कागदावर नको, आधी गळ्यातून आणि मग बोटांतून. आठच बार, पण त्याच्यासारखे, श्वासासकट.

कोमल निषाद

चलनाचा मुद्दा बरोबर. सूर घ्या, राग घेऊ नका, असं म्हणायला हवं होतं.

ठेका

मी तबल्याचा माणूस, गिटारातलं काही कळत नाही. पण ‘कुठे आहोत कळत नाही’ हे दुखणं आमच्याकडचं आहे.

गाण्याचे बत्तीस बार गुणिले बारच्या चार मात्रा, १२८ मात्रांचं एक आवर्तन झालं, तीनतालाची आठ आवर्तनं. एवढ्या मात्रा कुणी मोजत नाही, मोजूही नयेत. आम्ही विलंबित एकतालात सम (आवर्तनाची पहिली मात्रा) मोजून गाठत नाही, ठेक्याच्या बोलांवरून ओळखतो. तुम्हीही खुणा धरा. आठ-आठचे चार तुकडे. पहिले दोन सारखे, त्यात वाट आधी मेजरकडे जाते मग मायनरकडे. तिसऱ्या तुकड्यात क्रम उलटा, आधी मायनर. चौथा मायनरनेच सुरू होतो आणि २७ व्या, २८ व्या बारात एकेका बारात दोन-दोन कॉर्ड येतात. ती दाटी ऐकू आली की समजा, सम चार बारांवर आली.

मेट्रोनोम (लय धरणारं टिकटिक यंत्र) प्रत्येक मात्रेवर नको. मिनिटाला ६० वर लावा आणि त्या टिकटिकीला दुसरी आणि चौथी मात्रा समजा. पहिले दोन दिवस शिव्या द्याल, हमखास उलटं पडेल. या लयीत एक आवर्तन ६४ सेकंदांचं होतं, म्हणजे दहा आवर्तनं केली तरी जेवायच्या आत होतात.

स्विंगबद्दल माझ्या परीने: एका मात्रेचे तीन भाग करा, तिश्र. पहिले दोन धरून ठेवा, तिसऱ्यावर वाजवा. साधारण तसं. लय वाढली की तेवढं तिरकं राहत नाही, सरळ होत जातं, म्हणून शेवटी वर सांगितलेली रेकॉर्डिंगच गुरू.

तर्रीपोहे

ते मोड शिकवणाऱ्याला हा धागा पाठवा रे कुणी. आणि भाऊ, मार्च लागला की गिटार कुलरसमोर ठेवू नका. आधी कोरडी हवा लाकूड आक्रसवते, मग कुलर चालू केला की एकदम दमट. माझ्या गिटारीची फ्रेटची (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं मे महिन्यात बोटाला टोचायला लागली होती. केसमध्ये ठेवा आणि केस बंद ठेवा.

लक्ष्मीनगरवाला

सगळ्यांचे आभार. दीड महिन्याचा हिशोब देतो.

दोन तारांचा आठवडा प्रत्यक्षात तीन आठवडे चालला. दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर टिकटिक ठेवणं अजून अर्ध्या वेळाच जमतं. पण २७ व्या बारची दाटी आता झोपेतही ऐकू येते. माइल्सचे आठ बार उतरवायला नऊ दिवस लागले, सूर सापडायला दोन आणि तो उशिरा का येतो हे बोटांना पटायला सात.

मागच्या रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरायला गेलो होतो. सागाची पानं पायाखाली चुरचुरत होती. आपल्याकडे पानगळ ही अशी, फाल्गुनात, उन्हाची चाहूल लागल्यावर. गाणं मात्र शरदातलं. पण पानांच्या आवाजावर मनात दुसरी-चौथी मात्रा बरोबर पडत होती, पाय आपोआप त्या लयीत. एक म्हातारबुवा बघून हसले.

काल सदरला तालीम झाली. दोन आवर्तनं सोलो घेतला. पहिल्यात जवळपास धूनच, थोडी मोडलेली. दुसऱ्यात तिसऱ्या तुकड्यात चुकलो, पण चुकलो हे त्याच क्षणी कळलं आणि चौथ्या तुकड्यात परत सापडलो. मित्राने काही म्हटलं नाही, फक्त तिसरं आवर्तनही मलाच दिलं. तिथे सूर संपले होते म्हणून चार बार गप्प बसलो. नंतर तो म्हणाला, तेच सगळ्यात चांगलं होतं. जुनी कॅसेट, जिम हॉलचं घड्याळ तुमच्या नावावर.

शिक्षकाचा प्रश्न अजून उघडाच आहे. नागपुरात प्रत्यक्ष कुणी असेल तर कळवा, ऑनलाइन नको. आणि ठेका, प्रश्न गमतीचा वाटेल, पण आमच्याकडे ड्रमवाला नाही. तबला घेऊन हे वाजवता येईल का? तालीम शनिवारी संध्याकाळी सहाला असते.

ठेका

डग्गा बासशी भांडेल. नुसता दायाँ (उजव्या हाताचा तबला) आणि जोडीला ब्रशने वाजवता येईल असं काहीतरी घेऊन बघतो. शनिवारी येतो, पत्ता निरोपात पाठवा. आधी नुसतं ऐकेन, मगच हात लावेन.