मदत हवी आहे: शासनाकडे दरवर्षी काय मागायचं हे महापालिका कधी आणि कसं ठरवते?

नमस्कार मंडळी. सोलापूरकर आणि महापालिकेचं कामकाज आतून पाहिलेले कुणी असाल तर मदत करा. जरा लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

मी शेळगीकडं राहतो, १९९२ च्या हद्दवाढीत शहरात आलेला भाग. आमचं नगर सगळं गुंठेवारीचं, म्हणजे मंजूर लेआऊट नसताना गुंठ्यागुंठ्यानं विकलेली जागा. सातबाऱ्यावर एकाच गटात ६१ नावं आहेत, वडिलांचं नाव शोधायचं तर तिसऱ्या पानावर पार खाली जावं लागतं. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला घर तारण ठेवायला गेलो तर बँकेतल्या माणसानं तो उतारा दोनदा उलटून पाहिला आणि मंजूर लेआऊट आणा म्हणून परत हातात दिला. अशी घरं नियमित करायचा गुंठेवारीचा २००१ चा कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं त्यात आली, आमचं घर त्यात बसतं, फाईल टाकलीय. पण मागच्या गल्लीतली १४ घरं त्यानंतरची आहेत. पोटाला चिमटा काढून बांधलेली घरं आहेत ओ ती. आणि हे महापालिकेतल्या कुठल्याच टेबलावर सुटणार नाही, कारण तारीख कायद्यातच लिहिलीय, बदलायची तर विधिमंडळातच बदलावी लागणार.

मागच्या वर्षी आम्ही नगरातल्या सगळ्यांच्या सह्या घेऊन एका लोकप्रतिनिधींच्या ऑफिसात निवेदन दिलं. आवकचा शिक्का मारून पोच मिळाली, शासनाकडं पाठवतो म्हणाले. नंतर कळलं की मुंबईला एक शिष्टमंडळ गेलं होतं, त्यांच्या कागदावर २७ मागण्या होत्या, पाण्यापासून चौकाच्या नावापर्यंत सगळं एकत्र, आणि आमचा विषय २३ वा. तो २३ वा कुणी ठरवला, पहिला कुणी ठरवला, कुठल्या मीटिंगमध्ये ठरलं, हे मला आजपर्यंत कुणीच सांगू शकलेलं नाही.

हे डोक्यात असतानाच भाचीशी फोनवर बोललो, ती सिएटलला असते. तिथं म्हणे शहराचं राज्याशी आणि केंद्राशी बोलायला वेगळं खातंच आहे. राज्याचं विधिमंडळ जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी बसतं, एका वर्षी १०५ दिवस आणि पुढच्या वर्षी ६० दिवस, म्हणून ते खातं आधीच सगळ्या विभागांना विचारून यंदा काय मागायचं, कशाला विरोध करायचा याचा मसुदा करतं आणि ९ जणांची कौन्सिल ठराव करून तो मंजूर करते. कागद सगळ्यांना वाचायला मिळतो. म्हणजे आपली मागणी त्यात आहे की नाही हे अधिवेशनाच्या आधीच दिसतं, नसेल तर जाऊन भांडता येतं.

तर विचारायचंय की आपल्याकडं असं काही आहे का? नसेल तर इंद्रभुवनात, म्हणजे आपल्या महापालिकेत, असा ठराव करून घ्यायला सुरुवात कुठून करायची? मी रहिवासी संघाचा सचिव आहे, पळापळ करायची तयारी आहे, रस्ता दाखवा.

जुना_कारकून:
सर, नगरसचिवांच्या कामाशी माझा बरीच वर्षं संबंध आला म्हणून लिहितोय. १९४९ च्या महापालिका अधिनियमात बजेटचा क्रम ठरवून दिलेलाय, आयुक्त स्थायी समितीला देतात, स्थायी महासभेला, १ एप्रिलला वर्ष सुरू. शासनाकडच्या मागण्यांचं तसं नाही. त्या सुट्या सुट्या जातात, एखादी आयुक्तांच्या प्रस्तावातून, एखादी सदस्याच्या प्रस्तावातून, एखादी आमदारांच्या लक्षवेधीतून, आणि ह्याचा त्याला पत्ता नसतो. पण महासभेनं वर्षाच्या मागण्यांचा एक ठराव करायला कुणाची ना नाही. मार्च २०२२ पासून प्रशासक होते तेव्हा सभागृहच नव्हतं, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १०२ जणांचं सभागृह परत आलंय. तुमच्या प्रभागातला एक सूचक धरा, दुसरा अनुमोदक धरा, प्रस्ताव लेखी द्या म्हणजे विषयपत्रिकेवर येईल.

आता २७ मागण्यांचं सांगतो, कारण खरी गोम तिथं आहे. मंत्रालयात कागद कार्यासनाकडं जातो. पाण्याचं टेबल वेगळं, रस्त्याच्या निधीचं वेगळं, कायदा दुरुस्तीचं वेगळं. एकाच कागदावर २७ विषय असले की तो नेमका कुठल्याच टेबलाचा राहत नाही, ज्याच्याकडं पहिला पडतो तो आपल्यापुरतं उत्तर देतो आणि बाकीचं फाईलला लागतं. म्हणून पैशाची मागणी आणि कायद्याची मागणी कधीच एकत्र घालू नका. रस्ते, ड्रेनेज असेल तर राज्याच्या नगरोत्थान योजनेतून मागायचं किंवा जिल्हा नियोजन समितीकडं. तुमचं कायद्याचं आहे, ते नगरविकास खात्याकडं स्वतंत्र पत्रानं, आणि सोबत नकाशा, घरांची यादी, नेमकी कुठली तारीख बदलून काय करायची तेवढं एक वाक्य.

वेळ पण बघा. राज्याचं बजेट मार्चमध्ये येतं पण खात्यांचे अंदाज त्याच्या कितीतरी आधी तयार होतात, फेब्रुवारीत हार घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाचा उपयोग नसतो. पैशाची मागणी दिवाळीच्या आत पोचली पाहिजे. कायद्याच्या मागणीला डिसेंबरचं नागपूर अधिवेशन धरा, लक्षवेधी लागली तर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं आणि ते रेकॉर्डवर राहतं.

त्याआधी एक आरटीआय टाका: मागच्या ५ वर्षांत शासनाकडं शिफारशीसाठी गेलेले ठराव आणि त्यावर आलेली उत्तरं. एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

माग_आणि_धोटा:
कारकून काकांनी लै चांगलं सांगितलं. माझं फक्त एवढंच म्हणणं आहे सर, राग मानू नका, पहिला नंबर पाण्याचाच पाहिजे. उजनीतनं भीमेत पाणी सोडायचं, ते नदीनं टाकळीपर्यंत यायचं आणि मग आपण उचलायचं, वाटेत वाळू पिते, ऊन पितं, म्हणून थोडक्या पाण्यासाठी कितीतरी जास्त सोडावं लागतं आणि शेतकरी आणि शहर दोघं एकमेकांवर चिडतात. हे आवर्तन राज्यच ठरवतं. दुसरं आमच्या पूर्व भागाचं, यंत्रमागाची वीज सवलत. चादर टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्याला विजेच्या युनिटचा दर काय पडणार हे वर्षाच्या सुरुवातीला कळलं पाहिजे, ते पण मुंबईतच ठरतं. माझ्या शेडमधले ८ माग आहेत, त्यातले ३ झाकून ठेवलेत.

शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, तिन्ही आमदारांना एकच कागद दिला आणि तिघांनी तोच लावून धरला तर फरक पडंल. आज तिघांकडं तीन याद्या असतात.

धागाकर्ता:
काका, मालक, दोघांचे मनापासून आभार. राग कशाचा, नळाला पाणी आलं की आमच्याकडं पण पहाटे ३ ला उठून बॅरल भरतात, पाणी पहिलं हे मला मान्य आहे. आमचा विषय पाचवा आला तरी चालेल, पण तो पाचवा का आला हे सभागृहात बोललं जाऊ दे.

आरटीआयचा मजकूर रात्री लिहिला, ११२ शब्द झाले, सोमवारी देतोय. कुणाकडं महासभेत सदस्यानं दिलेल्या प्रस्तावाची जुनी प्रत असेल, कुठल्याही विषयाची चालेल, तर मजकूर इथं टाका. सूचक अनुमोदकाच्या सह्या कुठं घ्यायच्या आणि शेवटचं वाक्य 'शासनास शिफारस करण्यात यावी' असंच लिहायचं का, एवढं कळलं तरी पुरे आहे.