मदत हवी आहे : सायलेन्सर लावलेली आखूड रायफल जॅम होते का?

पडद्यामागे : संहितेत अडकलोय. कमांडो बंगल्यात शिरतो, हातात आखूड नळीची रायफल, पुढे सायलेन्सर. दोन गोळ्या सुटतात, तिसरीला जॅम. दिग्दर्शक म्हणतो असं होत नाही, सीन काढ. होतं की नाही? लवकर सांगा, रात्री वाचन आहे.

सत्तरीकर : कुठली रायफल? नळी किती इंच? गोळी कुठली?

बुलेटबाबा : सायलेन्सर बदलला की पिकअप पडतोच. मी बुलेटला पंजाबी लावला होता. आवाज झकास, पण चलनही बसलं.

सत्तरीकर : बाबा, धागा बंदुकीचा आहे.

बुलेटबाबा : तत्त्व एकच रे. १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेणाऱ्या हायरम पर्सी मॅक्सिमनेच गाड्यांचे मफलरही केले.

जुना_आर्मरर : होतं. रायफल सांगितली नाहीस, एम४च्या (अमेरिकी लष्कराची आखूड रायफल) जातीची धरतो. गोळी पुढे जाताना थोडा गॅस नळीच्या छिद्रातून बोल्टकडे, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या तुकड्याकडे वळतो. तोच रिकामं काडतूस फेकतो. आखूड नळीत छिद्र चेंबरच्या (काडतूस बसतं ती जागा) जवळ, तिथे दाब जास्त. त्यात सायलेन्सर लावलास की गॅस कोंडतो आणि मागे रेटतो. बोल्ट एवढ्या वेगाने ये-जा करतो की मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचा राउंड वर ढकलायच्या आत तो पुढे निघून जातो. चेंबर रिकामं. वर काजळी आत, धूर डोळ्यांत.

सत्तरीकर : मग आखूड नळी हवीच कशाला, काका? दहा इंच नळी, सहा इंच सायलेन्सर, लांबी होती तिथेच आली. वेगही गेला. या रायफलची ५.५६ मिमी गोळी २० इंची नळीतून सेकंदाला सुमारे ९५० मीटर, दहा इंचीतून ८००च्या आसपास.

जुना_आर्मरर : जिन्यावर वळून बघ, मग बोल. वीस पावलांवर तेवढा वेग पुरतो.

म्हापसेकर : एमपी५ एसडी द्या की त्याच्या हातात, सायलेन्सर अंगचाच असलेली सबमशीनगन! नळीलाच भोकं, साधी ९ मिमी गोळीसुद्धा आवाजाच्या वेगाखाली येते. कटकट नाही.

पडद्यामागे : मला कटकटच हवीय!!

काजूवाला : सायलेन्सरला लायसन मिळतं का? बागायतीत खेती (माकडं) फार झालेत.

सत्तरीकर : नाही. आर्म्स रूल्समध्ये आवाज दाबणाऱ्या वस्तू प्रतिबंधित वर्गात आहेत. आणि खेत्यांना पळवायला आवाजच लागतो ना?

काजूवाला : बंदूक तरी कुठे हातात असते! निवडणूक आली की ठाण्यात जमा. पंचायत झाली, विधानसभा आली.

जुना_आर्मरर : बाब पडद्यामागे, हे शूटिंग की नाटक?

पडद्यामागे : नाटक. स्पर्धेचं. साउंडवाल्याने 'फुस्स' असा आवाज आणलाय.

जुना_आर्मरर : हे आधी सांगायचं! तो 'फुस्स' काढ. ५.५६ उघडी वाजली तर १६५ डेसिबलच्या आसपास, सायलेन्सर लावूनही १३०च्या वर. गोळी आवाजाच्या पुढे धावते, तिचा कडाका सायलेन्सर अडवत नाही. दोनदा कडाका आणि बोल्टचा खटका. तिसऱ्यांदा नुसतं ट्रिगरचं 'टक्'.

पडद्यामागे : दिग्दर्शक विचारतोय, 'टक्' झाल्यावर कमांडो काय करतो?

जुना_आर्मरर : कमरेचं पिस्तूल काढतो. दिलंय ना त्याला?