अनुभव धागा: घरातली अलार्म यंत्रणा काढताना

जुनी अलार्म यंत्रणा उतरवताना आधी काय, नंतर काय आणि चुकतं कुठे? हे काम हाताने करणाऱ्यांनी नेमकं लिहावं.

पॅनेल
पहिलं काम फोनचं. मॉनिटरिंग सेवा (अलार्मचे सिग्नल पाहणारी कंपनी) चालू असेल तर त्यांना सांगून यंत्रणा 'टेस्ट'वर टाकून घ्या, म्हणजे सिग्नल आला तरी ते खरा समजणार नाहीत. नाहीतर पॅनेलचं, म्हणजे यंत्रणेच्या मुख्य पेटीचं, कव्हर उघडताच टॅम्परचा (छेडछाडीचा) सिग्नल जातो. मग कीपॅडवर इंजिनिअर कोड (तंत्रज्ञासाठीचा कोड) टाका. ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढा. पॅनेलला थेट मेन लाइन असेल तर एमसीबी (बोर्डावरचा सर्किट ब्रेकर) पाडा आणि वीज बंद झाली का ते मल्टीमीटरने तपासा. तरीही पॅनेल चालूच राहतं, कारण आत बहुतेक वेळा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. तिची एक वायर काढली की टोकाला लगेच टेप लावा, मगच दुसरी काढा. दोन टोकं टेकली तर वायर तापून लाल होण्याइतका करंट या छोट्या बॅटरीतून येतो.

बाहेरचा सायरन
सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. अनेक सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असते. पॅनेलकडून येणारं व्होल्टेज तुटलं की तो आपोआप वाजतो, तोही शंभर डेसिबलच्या वर. खरा धोका कानापेक्षा शिडीचा आहे. दचकून माणूस पडतो. कानात प्लग घाला, शिडी धरायला कोणीतरी ठेवा आणि कव्हर निघताच आतल्या बॅटरीचा कनेक्टर काढा.

वायरी
कापण्याआधी फोटो काढा, प्रत्येक जोडीला चिठ्ठी लावा. टोकं एकत्र पिळू नका. प्रत्येक तार वेगळी टेप करून बॉक्समध्ये दुमडा, वर कोरी प्लेट बसवा. झोनच्या (सेन्सरच्या एका सर्किटच्या) टोकाला लावलेले छोटे रेझिस्टर फेकू नका, त्याच वायरी पुन्हा वापरायच्या ठरल्या तर लागतात.

आणि एक कळकळीची विनंती: धुराचे डिटेक्टर याच पॅनेलवर असतील तर पॅनेल गेल्यावर ते नुसते छताला चिकटलेले डबे उरतात. स्वतंत्र बॅटरीवर चालणारे डिटेक्टर आधी बसवा, मग पॅनेलला हात लावा.

लँडलाइन
काही पॅनेल फोनच्या लाइनमध्येच जोडलेले असतात. नुसतं कापलं तर डायल टोन जातो. येणारी आणि घरात जाणारी जोडी पुन्हा एकमेकांना जोडा.

वायरलेस सेन्सर
चिकटपट्टीवरचा सेन्सर ओढला तर रंगाचे पापुद्रे निघतात. हेअर ड्रायरने गरम करून मागून मासेमारीचा दोरा करवतीसारखा फिरवा. आतले लिथियम सेल काढून टोकांना टेप लावा. ते आणि पॅनेलमधली लेड-अ‍ॅसिड बॅटरी पुनर्वापर केंद्रातच द्या, घरच्या कचऱ्यात नको.