गावाच्या नावाची रॉक गाणी: नाव आधी की गाणं आधी?

खानापूर_बेस: आमच्या बँडला खानापूरवर गाणं करायचंय. 'लोडाय', 'ॲलनटाऊन' ही अमेरिकेतल्या गावांच्या नावाची गाणी लिहिणारे त्या त्या गावचेच होते काय?

निपाणीचा_ड्रमर: नाही ओ. 'लोडाय' १९६९ चं, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडचं. त्यांचा गायक-गीतकार जॉन फोगर्टी त्या गावी गेलाही नव्हता, नाव कानाला बरं वाटलं म्हणून उचललं. गाण्यात अडकून पडलेला फुटकळ गवई आहे, त्याला असंच आडगाव हवं होतं. शेवटच्या कडव्यात सगळं एक पूर्ण स्वर वर चढतं, बी फ्लॅटवरून सी. तिथं बेसवाला हमखास जुन्याच पट्टीत राहतो.

चिकोडी_कॅपो: 'ॲलनटाऊन' (१९८२) तर आधी 'लेविटाऊन' होतं, न्यूयॉर्कजवळच्या गावावरचं. चाल तीच. गायक बिली जोएलला तिथं सांगण्यासारखं काही सापडेना, म्हणून पेन्सिल्व्हेनियातल्या बंद पडणाऱ्या कारखान्यांकडे वळला. गंमत म्हणजे पोलादाचा मोठा कारखाना शेजारच्या बेथलेहेममध्ये! गाण्याच्या सुरुवातीला कारखान्याचा भोंगा वाजतो तो त्यासाठीच.

निपाणीचा_ड्रमर: आणि भावा, 'खानापूर' ओळीच्या शेवटी लांबवू नकोस, 'र'वर सूर थांबत नाही. 'पू' ताण, 'र' पुढच्या ठोक्यावर झटकन सोड. 'निपाणी'ला ही कटकटच नाही.

खानापूर_बेस: म्हणजे निपाणीवरच करू म्हणतोस! बघतो, आधी 'पू' दोन मात्रा धरून.