पहिल्याच रोबोटिक्स स्पर्धेची तयारी कशी करावी?

प्रश्न: विज्ञान शिक्षिका, डिचोली

सप्रेम नमस्कार. आमच्या विद्यालयातून यंदा प्रथमच सातवी-आठवीच्या मुलांचा संघ आंतरशालेय रोबोटिक्स स्पर्धेत उतरणार आहे. गोवा सरकारच्या २०२१ च्या केअर्स योजनेमुळे सहावी ते आठवीच्या वर्गांत कोडिंग आणि रोबोटिक्स आले आहे, त्यामुळे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहिणे मुलांना परिचयाचे आहे. परंतु शाळेबाहेरच्या टेबलावर, अनोळखी परीक्षकांसमोर रोबोट चालवण्याचा अनुभव कोणालाही नाही. स्पर्धेत छापील मॅटवर दोन मिनिटांची फेरी असून त्या वेळात रोबोटने स्वतःच पाच कामे करावयाची आहेत. मुलांना पाचही कामे करण्याची जिद्द आहे. मात्र वर्गात बिनचूक चालणारा आमचा रोबोट सभागृहात नेला की रेषा सोडून भरकटतो, आणि त्याचे कारण आम्हाला उमगत नाही. याशिवाय फेरीनंतर परीक्षक मुलांची मुलाखत घेतात. आमच्या बहुतेक मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेले असल्याने ती इंग्रजीत बोलताना बिचकतात. हाताशी सुमारे दोन महिने आहेत आणि मध्ये चतुर्थीची सुट्टी येते. या वेळात आधी काय करावे आणि काय सोडून द्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी

नमस्कार मॅडम. मी शालेय संघांना सरावात मदत करतो, त्यामुळे आपल्या सभागृहाच्या अडचणीपासूनच सुरुवात करतो, कारण नव्या संघांचे सर्वाधिक गुण तिथेच जातात.

वर्गात चालणारा रोबोट दुसऱ्या खोलीत भरकटला, तर दोष बहुधा प्रोग्रामच्या रचनेत नसून प्रकाशात असतो. रेषा ओळखणारा सेन्सर खाली प्रकाश टाकतो आणि परत आलेला प्रकाश मोजतो. पांढऱ्यावरून जास्त परत येतो, काळ्यावरून कमी. खिडकीतून येणाऱ्या उन्हात डोळ्यांना न दिसणारे इन्फ्रारेड किरणही असतात आणि ते सेन्सरच्या मोजमापात मिसळतात, म्हणून सकाळी ठरवलेला आकडा दुपारी चुकतो. यासाठी प्रोग्राममध्ये एकच आकडा कायमचा लिहून ठेवू नये. फेरीपूर्वी, स्पर्धेच्याच मॅटवर पांढऱ्याचे आणि काळ्याचे वाचन घ्यावे आणि त्यांच्या मधला आकडा सीमारेषा मानावा. पांढरा ८२ आणि काळा १४ आला, तर ४८. हे काम करणारा छोटासा स्वतंत्र प्रोग्राम मुलांनी आताच लिहून ठेवावा, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी घाईत आकडे बदलत बसावे लागणार नाही. सेन्सर मॅटच्या जवळ ठेवून त्याच्याभोवती आडोसा केला, तर बाहेरचा प्रकाश आणखी कमी होतो.

सरावाची मॅट फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातून मूळ आकारात छापून घेता येते, मात्र चकचकीत फ्लेक्स घेऊ नये. त्यावर दिव्याचे प्रतिबिंब पडते आणि सेन्सरला काळ्या जागीही पांढरे भासते. डोळ्यांना काळी दिसणारी प्रत्येक शाई इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतेच असे नाही, हेही ध्यानात असू द्यावे. सेन्सर इन्फ्रारेड असेल, तर छापील नमुन्याचा लहान तुकडा आधी तपासून मगच पूर्ण मॅट छापावी. मॅट घडी घालून ठेवू नये. गुंडाळून ठेवावी आणि सरावाच्या आदल्या दिवशी पसरावी, नाहीतर घडीच्या उंचवट्यावर चाक अडखळते.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे अंतर आणि कोन. ‘दोन सेकंद पुढे जा’ अशी आज्ञा दिली, तर बॅटरी भरलेली असताना रोबोट जास्त अंतर जातो आणि उतरल्यावर कमी. म्हणून वेळेऐवजी चाकाच्या फेऱ्या मोजाव्यात. ५६ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे १७.६ सेंटिमीटर जाते, आणि हे गणित मुलांनी स्वतः मांडावे. कोनाची चूक त्याहून महाग पडते: वळताना केवळ ५ अंशांचा फरक झाला, तर एक मीटर अंतरावर रोबोट जवळजवळ ९ सेंटिमीटर बाजूला पोचतो. त्यामुळे लांबची सरळ धाव टाळावी. टेबलाला भिंत असेल तर मध्येच रोबोटची पाठ तिला टेकवून तो सरळ करून घ्यावा आणि काळी रेषा भेटेल तिथे तिचा आधार घ्यावा. रोबोट किती अंश वळला हे मोजणारा जायरो सेन्सर वापरत असाल, तर तो शून्यावर आणताना रोबोटला कोणीही स्पर्श करू नये.

रोबोट तयार संचाचा नसून आर्डुइनो या छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर स्वतः जोडलेला असेल, तर नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी वापरू नका. ती पुरेसा विद्युतप्रवाह देऊ शकत नाही. मोटर सुरू होताच व्होल्टेज खाली येते, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि मुले प्रोग्राममध्ये नसलेली चूक शोधत बसतात.

उत्तर: निवृत्त प्राध्यापक, मडगाव

मॅडम, अशा स्पर्धांत मी परीक्षक म्हणून बसत आलो आहे. वरील उत्तर तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे, म्हणून मी आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. पाचही कामे करण्याची जिद्द पहिल्या वर्षी आवरावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला साध्या गणिताचा आधार आहे. प्रत्येक काम दहापैकी नऊ वेळा साधत असेल, तर पाचही कामे एकाच फेरीत साधण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ५९ टक्के इतकीच उरते. याउलट तीनच कामे निवडून प्रत्येक काम शंभरात ९८ वेळा साधेल इतका सराव केला, तर तिन्ही साधण्याची शक्यता ९४ टक्के होते. मुलांना हे फळ्यावर करून दाखवावे; त्यांना ते पटते, आणि आपण नुसते ‘नको’ म्हणण्यापेक्षा कितीतरी चांगले पटते. अर्थात कोणती तीन कामे, हे कामांचे गुण आणि रोबोटच्या वाटेवरचा क्रम पाहून मुलांनीच ठरवावे.

त्यापूर्वी संपूर्ण नियमपुस्तिका सर्वांनी मोठ्याने वाचावी. मी हे आग्रहाने सांगतो, कारण एका स्पर्धेचे नियम दुसरीला लागू पडत नाहीत. फर्स्ट लेगो लीगच्या चॅलेंज गटात फेरी अडीच मिनिटांची असते आणि फेरीच्या मध्ये मुले ठरलेल्या जागेतून रोबोट पुन्हा सोडू शकतात. वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाडच्या रोबोमिशन गटात फेरी दोन मिनिटांची असते, सुरुवातीला रोबोट २५० मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीत बसावा लागतो, आणि तपासणीसाठी रोबोट एकदा ठेवून दिल्यावर त्यात बदल करता येत नाही. शिवाय तिथे त्याच दिवशी एखादा नवा नियमही जाहीर केला जातो. आपल्या स्पर्धेत रोबोटचा आकार, हात लावण्याची मुभा आणि गुण मोजण्याचा क्षण याविषयी नेमके काय लिहिले आहे, हे संघातील प्रत्येक मुलाला न अडखळता सांगता आले पाहिजे. शंका राहिल्यास आयोजकांना लेखी विचारावे.

आता मुलाखतीविषयी. कोणत्या भाषेत बोलता येईल हे आयोजकांना आधी विचारावे. इंग्रजी सक्तीची असली तरी भाषेवर वेळ घालवण्याऐवजी नोंदवहीवर घालवावा. सरावाच्या प्रत्येक दिवशी काय बदलले, का बदलले आणि दहा फेऱ्यांपैकी किती साधल्या, एवढे मुलांनी आपल्या हाताने, मराठीत का होईना, लिहावे. सोबत रोबोटच्या जुन्या-नव्या रचनेची चित्रे काढावीत. परीक्षकाला पाठ केलेले भाषण लगेच कळते. त्याला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की हे काम मुलांचे आहे की मोठ्यांचे. ‘हा हात असा का लावला?’ या प्रश्नाला ‘आधीचा आखूड होता, म्हणून ठोकळा निसटत होता’ असे मोडक्या इंग्रजीत, चित्राकडे बोट दाखवून सांगणारी मुलगी मला नेहमीच अधिक समाधान देते. म्हणून सरावाच्या वेळी आपण कितीही अधीर झालात, तरी माऊस आणि स्क्रू-ड्रायव्हर मुलांच्याच हाती राहू द्यावा.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. सभागृहाच्या पश्चिमेला मोठ्या खिडक्या आहेत आणि आम्ही तिथे नेहमी दुपारीच जातो, त्यामुळे कारण आता ध्यानात आले. दोन लहान शंका आहेत. चतुर्थीच्या आधी किती तयारी व्हावी? आणि पावसाळी हवेत सामान कसे सांभाळावे?

उत्तर: रोबोटिक्स शिक्षक, फोंडा

चतुर्थीपूर्वी पहिले काम पक्के व्हावे आणि उरलेल्या दोन कामांचा कच्चा प्रोग्राम तयार असावा, एवढेच ध्येय ठेवावे. मुले आपापल्या मूळ घरी जातात, माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधण्यात आणि आरत्यांत रमतात. त्या दिवसांत सरावाची अपेक्षा करू नये आणि रोबोटही कोणाच्या घरी पाठवू नये. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी नवे काही न करता जुनेच पुन्हा चालवून पाहावे. स्पर्धेच्या आधीच्या शेवटच्या आठवड्यात रचनेत कोणताही बदल करायचा नाही, असा नियम मुलांनीच ठरवून नोंदवहीत लिहावा.

पावसात आमच्याकडे दमटपणामुळे बॅटरीच्या टोकांवर आणि जोडणीच्या पिनांवर गंज चढतो. झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून सामान ठेवावे आणि आठवड्यातून एकदा सर्व जोडण्या काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. चाकांच्या रबरावर धूळ बसली की पकड सुटते, म्हणून प्रत्येक सरावाआधी ती ओलसर कापडाने पुसून कोरडी करावीत. लिथियम बॅटरी कोणी समोर नसताना, विशेषतः रात्रभर, चार्जिंगला लावून ठेवू नये. वीज गेली तर सराव अडू नये म्हणून लॅपटॉप आणि बॅटरी दोन्ही आदल्या दिवशी शाळेतच चार्ज करून घ्याव्यात. स्पर्धेला जाताना स्वतःचा एक्सटेन्शन बोर्ड, जादा केबल, मोजपट्टी आणि प्रोग्रामची पेन ड्राइव्हवरील प्रत सोबत असू द्यावी.

एक गोष्ट कोणी विचारली नाही, पण सांगतो. रोबोट टेबलावर मांडणारी दोन मुले आताच ठरवावीत आणि सुरुवातीच्या जागी रोबोट नेमका त्याच कोनात ठेवता यावा यासाठी पुठ्ठ्याचा एक साचा कापून घ्यावा. नियमात तो चालत असल्यास फेरीपूर्वी वापरावा. चालत नसल्यास रोबोटची कोणती कड मॅटवरच्या कोणत्या रेषेशी जुळते, हे त्या दोघांनी पाठ करावे.

प्रश्नकर्ती

साचा चालेल की नाही, हे आयोजकांना आजच लिहून विचारते. सोमवारपासून सभागृहात सकाळी आणि दुपारी, अशा दोन्ही वेळी पांढऱ्या-काळ्याचे वाचन घेऊन आकडे मुलांकडून इथेच लिहून पाठवते.